एवढं शिवलं, त्यातलं राहिलं काय? आईबरोबर अजिंठा, वेरूळ आणि लोणार

दिवस पहिला, मंगळवार

फेब्रुवारीत आईने शिलाई मशीन देऊन टाकलं. गल्लीतलीच एक मुलगी नवीन नवीन शिवण शिकतीये, तिच्याकडची दोन पोरं आली, पायमशीन उचललं आणि गेली, आणि जिथे ते अडतीस वर्षं होतं तिथे फरशीवर लोखंडी पायांचे चार डाग राहिले. आईच्या डोळ्यांचा पडदा खराब होत गेलाय. मोतीबिंदू काढून झाला तरी बरोबर मधलं दिसत नाही, कडेचं दिसतं, म्हणजे तुमचा चेहरा बघायचा असेल तर ती तुमच्या कानाकडे बघते. सुईत दोरा ओवणं तर कधीच बंद झालं होतं.

रीळं, कात्र्या, अस्तराचे तुकडे, हुकांचे डबे, सगळ्याचं एक गाठोडं करून ते पण त्या मुलीला दिलं. कपाट रिकामं करताना तळाशी एक पिशवी निघाली, आत हिरवा ब्लाउज, घडी जशीच्या तशी, वर टाचणीने चिठ्ठी लावलेली. एका बाईंनी शिवायला टाकला होता आणि न्यायला यायच्या आधीच त्या गेल्या. घरच्यांना काय माहीत, कुणी आलंच नाही. अकरा वर्षं झाली म्हणे. आईने घडी हाताने चाचपली आणि पिशवी गाठोड्यात टाकली.

त्या रात्री दिवा बंद केल्यावर ती म्हणाली, "एवढं शिवलं गं आयुष्यभर, त्यातलं आज कुठे एक तरी असेल का?"

मी पटकन म्हणून गेले की अगं त्याच्यावरच तर आम्ही वाढलो, शिकलो. ती गप्प झाली. नंतर माझ्या लक्षात आलं की मी उत्तर खरं दिलं पण तिच्या प्रश्नाचं दिलं नाही. पैसे कुठे गेले हे तिला माहितीये, हिशोब तिनेच ठेवलेत. ती कामाबद्दल विचारत होती. दिवसाला तीन-चार ब्लाउज, सणासुदीला रात्र रात्र, अंदाजे पकडलं तरी तीस-पस्तीस हजार होतात, आणि एवढ्या वेळा कात्री चालवून, टक्स घेऊन, हुकं लावून शेवटी हातात काय? हा प्रश्न फक्त शिवणाऱ्या बाईचा नाहीये. मी चव्वेचाळीस वर्षांची आहे, दिवसभर कॉम्प्युटरवर आकडे भरते, आणि मला पण तो प्रश्न पडतो, फक्त तो मोठ्याने विचारायची माझी हिंमत नव्हती.

आई सातवीपर्यंत शिकली. शाळेच्या पुस्तकात अजिंठ्याचं चित्र होतं, ते बघायचं राहून गेलं असं ती अधूनमधून म्हणायची. डॉक्टर म्हणाले अजून कडेचं दिसतंय तोवर जे बघायचंय ते बघून घ्या. म्हणून निघालो. अजिंठा सोमवारी बंद असतं आणि वेरूळ मंगळवारी, त्यामुळे मंगळवार प्रवासाचा ठेवला. रात्री उशिरा छत्रपती संभाजीनगरला पोचलो आणि झोपलो, बाकी काही नाही.

दिवस दुसरा, बुधवार. अजिंठा

शहरापासून अजिंठा शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. गाडी खाली फाट्यावरच ठेवावी लागते, तिथून लेण्यांपर्यंतचे चारेक किलोमीटर त्यांच्या बसने. पायऱ्या चढायला आईसाठी डोली केली. तिला ते अजिबात आवडलं नाही, माणसाने माणसाला उचलायचं म्हणजे काय, पण गुडघे ऐकेनात. चौघे होते, चौघांच्या खांद्यावर जाड कापडाची घडी होती आणि पुढच्या एकाची घडी आईने हात लांब करून चाचपली, म्हणाली गोधडीचा तुकडा आहे, चांगल्या धावदोऱ्याचा. ते हसले. त्यातला एक म्हणाला माझ्या आईची आहे.

वाघोरा नदी इथे घोड्याच्या नालेसारखी वळते आणि त्या वळणाच्या कड्यात ही सगळी लेणी ओळीने आहेत. सगळ्यात जुनी इसवी सनाच्या आधीची, दुसऱ्या-पहिल्या शतकातली, आणि चित्रांनी भरलेली बहुतेक पाचव्या शतकातली, वाकाटकांच्या हरिषेण राजाच्या काळातली.

पहिल्या लेण्यात शिरलो आणि अंधार. दिवे मुद्दाम मंद ठेवलेत, चित्रांना प्रकाश सोसत नाही म्हणून. माझेच डोळे सरावायला दोन-तीन मिनिटं लागली, आईला तर नुसते डाग दिसत होते. माझ्या पोटात कालवलं, एवढ्या लांब आणून हिला काहीच दिसणार नाही. तर ती म्हणाली, "तू सांग. तू बघ आणि मला सांग."

मग मी सांगायला लागले. आणि सांगायचं म्हटल्यावर कळलं की मी बघतच नव्हते. पद्मपाणी आहे, कमळ हातात घेतलेला बोधिसत्त्व, असं म्हटलं तर ती म्हणाली म्हणजे काय, उभा कसा आहे, मान कुठे वळलीये, अंगावर काय आहे. मी परत बघितलं. मान एका बाजूला कललेली, पापण्या खाली, उजव्या हातात निळसर कमळ, ते पण असं अलगद की पकडलंय का सोडतोय कळू नये. मुकुट बारीक कामाचा, गळ्यात मोत्यांची माळ. मी बोलत होते आणि आई मान तिरकी करून डोळ्याच्या कोपऱ्यातून त्या भिंतीकडे बघत होती.

डावीकडच्या भिंतीवर महाजनक जातक आहे, जातक म्हणजे बुद्धाच्या आधीच्या जन्मांतली गोष्ट. तिथे एक नर्तकी आहे, आजूबाजूला वाजवणाऱ्या बायका. मी म्हटलं हिच्या अंगात बाह्यांचं काहीतरी आहे, शिवलेलं. आईने माझा दंड धरला. "शिवलेलं? बाही कुठवर?" मनगटापर्यंत. "अंगाला बसलीये का फुगलीये?" बसलीये. "खाली?" खाली पट्ट्यापट्ट्यांचं. ती थोडा वेळ काही बोलली नाही आणि मग म्हणाली, "म्हणजे तेव्हा पण कुणीतरी माप घेतलं असणार. काखेत कापड कसं जिरवायचं हे तेव्हा पण कुणाला तरी कळलं असणार."

दीड हजार वर्षांपूर्वीचं कापड गेलं, शिवणारा गेला, घालणारी गेली. चितारणाऱ्याने बघितलं म्हणून बाही राहिली. मला वाटलं आईला तिचं उत्तर मिळालं, पण तिचा चेहरा तसा नव्हता.

या महाजनकाची गोष्ट मी आदल्या रात्री वाचून ठेवली होती, ती तिला बाहेर ओट्यावर बसून सांगितली. राजपुत्र व्यापाराला निघतो, भर समुद्रात जहाज फुटतं, बाकीचे बुडतात आणि हा सात दिवस पोहत राहतो. समुद्राची राखण करणारी मणिमेखला देवी येते आणि विचारते, किनारा दिसत नाही, पोचायची आशा नाही, मग हात कशाला मारतोयस? तो म्हणतो, किनारा दिसो न दिसो, प्रयत्न करणं माझं काम आहे, आणि बघ, बाकीचे बुडाले पण मी अजून पोहतोय म्हणून तर तू भेटलीस. देवी त्याला उचलते. पुढे तो राजा होतो आणि मग एक दिवस तेही सगळं सोडून निघतो, बायको त्याला अडवायला नाना उपाय करते. आईला पहिला भाग पटला. दुसरा नाही पटला. "एवढं पोहून किनाऱ्याला लागला आणि परत सोडलं? मग पोहला कशाला?"

मला याचं उत्तर देता आलं नाही, आणि खरं सांगते, अजून येत नाही. पण मला वाटतं हा पोहणारा आणि हा सोडून जाणारा एकच माणूस दाखवलाय यात काहीतरी आहे. हात मारायचे ते किनाऱ्यासाठीच मारायचे असं असतं तर पहिल्याच दिवशी त्याने सोडून दिलं असतं, कारण किनारा दिसतच नव्हता.

दहाव्या लेण्यात एका खांबावर जॉन स्मिथ नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने स्वतःचं नाव आणि तारीख कोरून ठेवलीये, 28 एप्रिल 1819. शिकारीला आलेला. ते नाव डोक्याच्या बरंच वर आहे कारण तेव्हा लेण्यात गाळ-दगड साचले होते आणि तो त्यावर उभा होता. आता गाळ काढल्यावर ते नाव अधांतरी राहिलंय, नीट दिसत पण नाही. आईला ते सांगितलं तर तिने एवढंच विचारलं की खाली चित्र होतं का. होतं म्हटलं. ती पुढे चालायला लागली.

भिंतीवर चित्र कसं काढायचे ते तिला सगळ्यात जास्त ऐकायचं होतं. आधी खडबडीत दगडावर मातीचा लेप, त्यात भाताचा तूस, गवत, झाडाचे धागे, मग त्यावर बारीक लेप, मग चुन्याचा पातळ हात, आणि रंग डिंकासारख्या चिकट द्रव्यात कालवून. रंग बहुतेक इथलेच, गेरू, पिवळी माती, काजळी, पण निळा दगड पार अफगाणिस्तानातून यायचा. "म्हणजे अस्तर आधी," आई म्हणाली. "अस्तर नीट नसेल तर वरचं कितीही भारी असू दे, बसत नाही."

मग चोविसावं लेणं. लोक तिथे थांबत नाहीत कारण बघायला काही नाही असं वाटतं. ते अर्धवट आहे. पूर्ण झालं असतं तर इथल्या सगळ्यात मोठ्या विहारांपैकी एक झालं असतं. काही खांब पूर्ण, काही नुसते चौकोनी ठोकळे, काही ठिकाणी डोंगर अजून डोंगरच आहे. हरिषेण गेल्यावर राज्य विस्कटलं, पैसा थांबला आणि काम थांबलं असं अभ्यासक मानतात. मी आईचा हात भिंतीवर ठेवला. छिन्नीचे घाव तसेच आहेत, तिरके, एकाशेजारी एक, सारख्या अंतरावर, बोटाला अगदी कापडावरच्या टाक्यांसारखे लागतात. तिने बोट फिरवत फिरवत नेलं आणि एका जागी घाव संपले आणि पुढे नुसता खडबडीत दगड.

"इथे उठला," ती म्हणाली.

किती वेळ बोट तिथेच होतं. कुणीतरी एका दिवशी शेवटचा घाव घातला आणि त्याला बहुतेक माहीतही नसणार की तो शेवटचा. उद्या इथून पुढे, असं म्हणून हत्यार ठेवलं असेल. पण तो शेवटचा घाव आधीच्या घावांइतकाच नीट आहे. घाईचा नाही, कंटाळ्याचा नाही. मला हे त्या पद्मपाणीपेक्षा जास्त लागलं, का ते तेव्हा कळलं नाही.

सव्विसाव्या लेण्यात डाव्या हाताला बुद्धाचं महापरिनिर्वाण आहे, सात मीटरहून लांब मूर्ती, उजव्या कुशीवर निजलेली, खाली शिष्य रडतायत आणि वर आकाशात देव आनंद करतायत. एकाच घटनेकडे बघून एकाच दगडात दोघं. इतकी मोठी मूर्ती होती की आईला दिसली, पायापासून डोक्यापर्यंत चालत चालत तिने कडेच्या नजरेने पूर्ण बघितली.

या लेण्यात एक शिलालेख आहे, बुद्धभद्र नावाच्या भिक्षूने कोरवलेला, अश्मक राज्याचा मंत्री भव्विराज याच्या स्मरणार्थ लेणं केलं म्हणून. त्यात अशा अर्थाचं म्हटलंय की जगात आठवण आहे तोवर माणूस स्वर्गात सुखाने राहतो, म्हणून चंद्रसूर्य असेपर्यंत टिकेल असं स्मारक डोंगरात करावं. आणि त्याच लेण्यात हा निजलेला बुद्ध, ज्याचे शेवटचे शब्द पाली ग्रंथात आहेत, वयधम्मा संखारा, अप्पमादेन सम्पादेथ. जे जे घडलंय ते ते विरणारं आहे, गाफील न राहता काम पूर्ण करा. एक म्हणतो टिकव, दुसरा म्हणतो टिकत नाही. पंधरा-वीस पावलांत दोन्ही.

आईला शिलालेखाचं सांगितलं. "ह्यांची नावं राहिली. बरंय. कोरणाऱ्याचं?" कोरणाऱ्याचं नाही. "हं," म्हणाली, आणि डोलीवाल्यांना सांगितलं उतरताना मी चालणार.

दिवस तिसरा, गुरुवार. वेरूळ

आई थकली होती म्हणून उशिरा निघालो. वेरूळ तीसेक किलोमीटरच आहे.

चौतीस लेण्यांतली आम्ही दोनच बघितली. सोळावं, म्हणजे कैलास, आठव्या शतकातलं, राष्ट्रकूट कृष्णराजाच्या काळातलं. हे बांधलेलं नाही, डोंगर वरून खाली कोरत आणलाय, आधी कळस आणि शेवटी पाया. दोन लाख टन किंवा त्याहून जास्त दगड काढला असा अंदाज सांगतात. मी आकडे सांगत होते आणि आईचं लक्ष एकाच गोष्टीत अडकलं, की यात चुकलं तर परत जोडता येत नाही. "कात्री लागली की लागली," असं ती सारखी म्हणत होती. ती सांगते की नवीन असताना कापडावर खडूने आखून ती दोन-दोन तास तशीच बसायची, कात्री चालवायचा धीर व्हायचा नाही. आणि नंतर एक दिवस तो प्रश्नच संपला, हात जायला लागला.

बडोद्याला सापडलेला एक राष्ट्रकूट ताम्रपट आहे, नवव्या शतकाच्या सुरुवातीचा. त्यात या देवळाचं वर्णन येतं आणि असं म्हटलंय की ज्याने हे केलं तो कारागीर स्वतःच बघून थक्क झाला, मी हे कसं केलं, आणि परत असं करायला गेलो तर जमणार नाही असं त्याला वाटलं. त्याचं नाव तिथेही नाही. राजाची स्तुती आहे, देवांची आहे, पण कारागिराच्या मनात काय आलं ते लिहिलंय आणि नाव नाही. हे ऐकून आई खूप खुश झाली, अजिंठ्यात कशाने झाली नव्हती एवढी. "होतं तसं. खरंच होतं. मी एकदा लग्नाचे बारा ब्लाउज तीन दिवसांत काढले होते, नंतर घडी घालताना मलाच खरं वाटेना." नाव नसल्याचं तिला काही वाटलं नाही. मला वाटलं होतं तिला त्याचंच दुःख आहे. म्हणजे मी तिचा प्रश्न अजूनही चुकीचाच ऐकत होते.

दहावं लेणं म्हणजे विश्वकर्मा, लोक सुतार झोपडी म्हणतात. आत बसलेला बुद्ध आहे आणि छताला दगडातच लाकडी वासे कोरलेत, ओळीने, उगाचच, कारण दगडाला वाशांची गरज नाही. कोरणाऱ्याच्या आधीच्या पिढ्या लाकडात काम करायच्या, तो हात दगडातही विसरला नाही. पुढे आसपासचे सुतार येऊन या बुद्धालाच विश्वकर्मा समजून पुजायचे. बुद्धाला ते चाललं असावं असं मला मनापासून वाटतं.

परतताना गाडीत आईने नामदेवांचं काढलं, शिंप्याच्या घरातले म्हणून तिचे आवडते. मी तिला गुरुग्रंथसाहिबातल्या त्यांच्या पदाबद्दल सांगितलं, त्यात ते म्हणतात माझं मन मापायचा गज आहे आणि जीभ कात्री, मापून मापून यमाचा फास कापतोय. तिने ते दोनदा म्हणवून घेतलं. मग बराच वेळ शांत. मग, "मापून मापून म्हणालेत ना? नुसतं कापून नाही."

दिवस चौथा, शुक्रवार. लोणार

जालना, सिंदखेडराजा करत लोणार. सिंदखेडराजाला जिजाऊंच्या जन्मस्थानी दहा मिनिटं उतरलो, ऊन फार होतं.

खरंतर लोणार मी माझ्यासाठी ठेवलं होतं. कॉलेजात असल्यापासून मला असं वाटायचं की विश्व एवढं अफाट आणि आपण एवढे क्षुद्र, तर आपल्या जगण्याला अर्थ तो काय असणार, आणि तो विचार मला खरा वाटायचा, शूर वाटायचा. लोणारला तो विचार समोर बसून बघता येईल असं वाटलं.

काठावर उभं राहिलं की खाली जवळजवळ पावणेदोन-दोन किलोमीटर रुंद गोल खड्डा, तळाशी हिरवट पाणी, भोवती झाडी, झाडीत जुन्या देवळांचे अवशेष. उल्का पडून झालेला खड्डा आहे हा, आणि तोही बेसॉल्टमध्ये, जे पृथ्वीवर फार कमी ठिकाणी आहे. वयाबद्दल शास्त्रज्ञांचं एकमत नाही, आधी पन्नासेक हजार वर्षं धरायचे, नंतरच्या एका मोजणीत साडेपाच लाखांच्या वर निघालं. पाणी खारट आणि साबणासारखं अल्कधर्मी, पण त्यात सूक्ष्म जीव भरपूर. 2020 च्या जूनमध्ये सगळं तळं गुलाबी झालं होतं, खाऱ्या पाण्यातल्या अशाच जीवांमुळे, आणि त्याच वर्षी ते रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेलं.

आईला हे पूर्ण दिसलं! काठावर बसून तिने मान एकदा डावीकडून उजवीकडे फिरवली आणि म्हणाली, "गोल आहे. चांगला गोल आहे." चार दिवसांत पहिल्यांदा मला काही सांगावं लागलं नाही.

मी तिला म्हटलं, हा दगड आणि अजिंठ्याचा दगड आणि वेरूळचा दगड, सगळा एकच. साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास झाली, लाव्हा वाहिला, थरावर थर बसले, तेच हे. एका ठिकाणी माणसांनी छिन्नीने कोरलं आणि इथे एका क्षणात हे झालं. आणि जी उल्का पडली तिचं जवळपास काहीच राहिलं नाही, आदळताना वितळली, वाफ झाली. खड्डा राहिला.

तिथे बसून माझा तो जुना विचार मला लहान वाटायला लागला. पाच लाख वर्षं म्हणजे काय, आई, तू शिवलेला ब्लाउज पाच वर्षं टिकला म्हणून निरर्थक असेल तर पाच लाख वर्षं टिकून तो अर्थपूर्ण कसा झाला असता? नुसतं लांबवून निरर्थक गोष्टीला अर्थ येत नाही, कंटाळवाणी गोष्ट लांबवली तर ती जास्त कंटाळवाणी होते. आणि अंतराळ मोठं आहे म्हणून आपण बिनकामाचे, हे पण तसंच. खड्डा ब्लाउजपेक्षा मोठा आहे हे खरं, पण खड्ड्याला कुणाच्या काखेत काचेल याची काळजी नव्हती. काळजी फक्त आपल्याला असते. एवढ्या मोठ्या पसाऱ्यात, आपल्याला माहीत असलेल्या तेवढ्या भागात तरी, एखादी गोष्ट नीट झाली का वाकडी झाली याने कुणाला फरक पडतो तर तो आपल्याला. अर्थ कुठे शोधायचा तर तिथेच शोधावा लागेल ना. मी हे सगळं आईला जसं सुचलं तसं बोलले, बराच वेळ बोलले.

तिने ऐकून घेतलं. मग म्हणाली, "तुझं बरोबर असेल. मला वेगळंच सुचतंय."

काय?

"तो हिरवा ब्लाउज गं. चिठ्ठीवाला. मी म्हटलं ना एक तरी कुठे असेल का, तर तो एक आहे. अगदी कोरा. हूकसुद्धा घट्ट. का आहे? कुणी घातलाच नाही म्हणून आहे." खालून वारा येत होता, तिने पदर धरला. "बाकीचे घालून घालून गेले. घामाने विरले, काखेत फाटले, मग त्यांची पुसायची फडकी झाली असतील, पोरांच्या दुपट्यांना तुकडे लावले असतील. म्हणजे गेले ते वापरून गेले. मी तेव्हा हात जोडून देवाला हेच मागायचे की कापड चांगलं बसू दे, घालणारीला आवडू दे. टिकू दे असं कधी मागितलं नाही बघ."

मला रडू आलं. तिला दिसलं नाही असं मला वाटलं, पण कडेचं तिला दिसतं.

थोड्या वेळाने मी विचारलं, मग अजिंठा? ते तर टिकलं. ती म्हणाली, "ते टिकलं, पण त्यात राहणारे गेले ना. भिक्षू गेले, दिवे गेले, शेकडो वर्षं नुसतं बंद कपाट. आता आपण आलो, तू सांगितलंस, मी ऐकलं, तेवढं परत वापरलं गेलं." आणि मग लगेच, "ते चोविसाव्यातलं माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्याने पण वापरायला म्हणूनच घाव घातले असतील की. तेवढं मात्र राहिलं त्याचं."

त्याचं काय करायचं हे तिलाही माहीत नव्हतं, मलाही नाही. अप्पमाद मी तिला तिथे समजावून सांगितला, गाफील न राहणं, हातातलं काम हातात असताना पूर्ण मनाने करणं. शेवटचा घाव आधीच्या घावांइतकाच नीट होता हे सांगितलं. ती म्हणाली हो, तो मला बोटाला कळला होता.

संध्याकाळी गावातलं दैत्यसूदन मंदिर बघितलं. लवणासुराची गोष्ट, विष्णूने मारला तो इथेच आणि म्हणून पाणी खारट. बाहेरच्या भिंतीवर इंच न इंच कोरलेला, आईने जिथवर हात पोचला तिथवर हात लावून बघितलं, मी सांगायचं विसरून नुसती मागे मागे चालत होते.

दिवस पाचवा, शनिवार

परतीचा रस्ता. आई मागच्या सीटवर डोळे मिटून होती, मला वाटलं झोपली. तासाभराने म्हणाली त्या मुलीला फोन लाव.

लावून दिला. आधी पंधरा मिनिटं मशीनचं चाललं. खालून दोऱ्याचा गुंता होतो का, होतो ना, मग बॉबिनला हात लावू नकोस, सगळे आधी तिथेच हात घालतात, वरचा दोरा काढ आणि परत ओव, ताणाच्या चकत्यांमध्ये नीट बसला नसणार. प्रेसर पाय वर करून ओवायचा, खाली असताना नाही. आधी चिंधीवर चालवून बघ. हो. आवाज कसा येतोय मला ऐकव. मुलीने फोन मशीनजवळ धरला असावा, कारण आईने फोन कानाला घट्ट दाबला आणि मान हलवली.

मग म्हणाली, "अगं ऐक, गाठोड्यात तळाशी एक पिशवी आहे बघ. हिरवा ब्लाउज आहे त्यात. हां, तोच. ती चिठ्ठी काढून टाक. दोन्ही बाजूंना आत एकेक इंच मार्जिन सोडलंय मी, शिलाई उसव आणि कुणाला बसतोय बघ. घाई करू नको, दोरा ओढून नाही काढायचा, एकेक टाका कापायचा. जिला बसेल तिला दे."